मंडईची रात्र, मोटारसायकल आणि उभी ट्रॉली



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट, नांग्या भरणे किंवा युरियाचा दुसरा हप्ता यांपैकी काहीतरी असणार, असे सभासद धरूनच चालतात. आमचीही तयारी या अंकासाठी खोडव्यावर लिहिण्याची होती. परंतु हंगामाची जुळवाजुळव सुरू झाली, दिवाळी तोंडावर आली, आणि तिरोड्याच्या गट कार्यालयात बसल्या बसल्या मागच्या हंगामातली एक रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागली. खोडव्याचे पुढच्या अंकात पाहू. या वेळी उसाची ट्रॉली, मोटारसायकल आणि दारू यांबद्दल लिहीत आहोत.

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते, तुम्हाला नाही. दिवसा दुकाने, पाळणे, दंडार; रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, धान कापून झालेले असते किंवा होत आलेले असते, हातात थोडा पैसा असतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. पोट्टे मोटारसायकली काढून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, नाटक पाहून पहाटे परततात. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्या कारखान्याची मोळी पडते. तोडणी टोळ्या उतरतात, ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात आणि रात्रंदिवस ऊस धावू लागतो. तुमसर–तिरोडा–गोंदिया रस्ता काय किंवा वैनगंगेकडची आडवळणाची सडक काय, रस्ता एकच. त्यावर एकीकडून ऊस येतो, दुसरीकडून नाटक पाहून आलेली पोरे.

मागच्या हंगामात असेच झाले. गावाचे नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. आमच्याच गटातल्या एका सभासदाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याचा आतेभाऊ शेजारच्या गावी मंडईला गेले. मित्र भेटले, शाळेच्या मागे बसले, देशीच्या दोन-दोन निपा झाल्या. नाटकाचा अर्धा भाग पाहिला आणि रात्री दीड-दोनच्या सुमारास निघाले. वाटेत उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागच्या चाकाचा टायर फुटला म्हणून चालक ट्रॅक्टर सोडवून तिरोड्याला गेला होता. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर नव्हता. दोन दगड आणि पळसाची एक फांदी ठेवली होती, तेवढीच काय ती खूण. उसाचे बुडखे मागे हातभर बाहेर आलेले.

पुढचे फार लिहिण्यासारखे नाही. गाडी चालवणारा मुलगा नागपूरच्या वाटेवर गेला. आतेभाऊ वाचला, त्याच्या पायात सळई आहे आणि तो आता बांधीत उतरू शकत नाही.

ट्रॉली ज्याची होती तेही आपलेच सभासद. त्याच गावचे. दोघांच्या धुऱ्याला धुरा लागून आहे. दोन पिढ्यांपासून एका मोटेचे, मग एका मोटारीचे पाणी वाटून घेणारी घरे. आज एकमेकांशी बोलत नाहीत. आणि त्या रात्री ती ट्रॉली त्या शेतात लावण्याची चिठ्ठी आमच्या शेतकी विभागाने दिलेली होती, हेही इथे लिहून ठेवतो.

एक निप म्हणजे किती

अंत्यविधीनंतर चार दिवसांनी आम्ही त्या घरी गेलो. वडील ओसरीत बसले होते. म्हणाले, "मले कोणी सांगतलं नाही जी साहेब, का तो पेते म्हणून." आम्ही काय सांगणार? नंतर बाहेर आल्यावर त्याच्या बरोबरीची पोरे म्हणाली, "साहेब, तो काही पेणारा नव्हता. दोनच निपा घेतल्या होत्या. चांगला बोलत होता, गाडीही सरळ चालवत होता."

ही "दोनच निपा" आमच्या डोक्यात राहिली. आम्ही शेतीची पदविका घेतलेले माणूस, डॉक्टर नव्हे. पण हिशेब करता येतो. तो असा.

महाराष्ट्रातली सर्वसाधारण देशी दारू २५ अंश अंडरप्रूफ असते, म्हणजे बाटलीवर लिहिल्याप्रमाणे शेकडा ४२.८ भाग मद्यार्क. ९० मिलिलिटरच्या एका निपेत सुमारे साडेअडतीस मिलिलिटर, वजनाने तीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क झाला. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात तो भिनला की दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ७५ मिलिग्रॅम होतो. कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एकाच निपेत माणूस मर्यादेच्या दुपटीपलीकडे गेला. दोन निपांत दीडशेच्या घरात. पोटात जेवण आहे की नाही, माणूस जाडा की बारीक, यावर आकडा थोडा खालीवर होईल. पण तीसच्या खाली काही येणार नाही. हातभट्टीची असेल तर हिशेबच सोडा, तिच्यात किती कडकपणा आहे हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता उतरण्याचा हिशेब. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने मद्यार्क जाळते. लिंबू चोखा, ताक प्या, कांदा खा, थंड पाण्याने आंघोळ करा, ही गती वाढत नाही. झोपल्यानेही वाढत नाही. दोन निपा घेतलेल्या माणसाचे रक्त कायद्याच्या मर्यादेखाली यायला सुमारे आठ तास लागतात. रात्री बाराला पिणे थांबवून पहाटे सहाला ट्रॅक्टरच्या सीटवर बसणारा चालक स्वतःला शुद्धीवर समजतो. डोळे धुतलेले असतात, चहा झालेला असतो. यंत्रात फुंकले तर साठ दाखवील. ही गोष्ट आमच्या वाहतूकदार सभासदांनी नीट वाचावी. रात्रीच्या अपघातांची चर्चा सगळेच करतात. पहाटेच्या पहिल्या खेपेची कोणी करत नाही.

"चांगला बोलत होता" याचाही अर्थ लावू. बोलणे अडखळते ते पुष्कळ पुढे. त्याआधी जाते ते अंतर जोखण्याचे, आणि पायाला हुकूम पोचण्याचे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. मोटारसायकलच्या दिव्यात बिनरिफ्लेक्टरची काळी ट्रॉली चाळीस मीटरवर दिसली असे धरा. न पिलेल्या माणसाला ती ओळखून ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, सतरा मीटर गेले. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी वीस मीटर. बेरीज सदतीस. ट्रॉलीच्या तीन मीटर अलीकडे गाडी उभी राहिली, पोराने शिवी हासडली आणि वळसा घालून घरी गेला. पिलेल्याला अर्धा सेकंद जास्त लागला तर साडेआठ मीटर वाढतात. बेरीज होते पंचेचाळीस. ट्रॉली चाळीसवरच आहे. उरलेल्या पाच मीटरसाठी तो ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने उसाच्या बुडख्यांवर जातो, आणि डोक्यावर हेल्मेट नसते.

अर्धा सेकंद. आम्ही त्या जागी टेप घेऊन गेलो होतो. लोक हसले असतील, हसोत.

कायदा काय म्हणतो

गट कार्यालयात येणाऱ्या बऱ्याच तरुणांची समजूत अशी की पोलिसाने धरले तर दोन-पाचशे देऊन मोकळे. ही समजूत जुनी झाली. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात २०१९ मध्ये मोठी सुधारणा झाली. कलम १८५ प्रमाणे दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क असताना वाहन चालवले तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. अपघात झालाच पाहिजे असे नाही. नुसते चालवणे हाच गुन्हा. कोर्टात उभे राहावे लागते.

आम्ही उसाच्या कांड्यावर रिफ्रॅक्टोमीटर लावून ब्रिक्स पाहतो तसे पोलीस तोंडाला यंत्र लावून दारू पाहतात. आमच्या यंत्राशी कास्तकार हुज्जत घालतो ("साहेब, मधल्या कांड्याचा रस घ्या ना!"), तशी त्यांच्या यंत्राशी घालता येत नाही. गणवेशातला पोलीस श्वासाची तपासणी मागू शकतो. गुन्हा समोर घडत असेल तर वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, मात्र अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. ही दोन तासांची अट आरोपीच्या बाजूची आहे आणि तीही माहीत असावी. तपासणीला योग्य कारणाशिवाय नकार दिला तर तो नकारच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरला जातो.

आणखी एक कलम आहे, ज्याकडे मित्रमंडळींचे लक्ष नसते. कलम १८८ : दारू पिऊन चालवण्याच्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा मदत देतो त्यालाही तीच शिक्षा. "काही होत नाही गा, चालव तू" म्हणून किल्ली हातात देणारा मित्र यात येऊ शकतो.

अपघातात माणूस मेला तर मामला दुसऱ्या कायद्यात जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वी कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती; नव्या संहितेच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत आहे. आणि आपण करतो त्याने माणूस मरू शकतो हे माहीत असून केले, असे न्यायालयाला वाटले तर सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागते, तिथे दहा वर्षांपर्यंत जाते.

हे "माहीत असून" कसे ठरते याचे उदाहरण मुंबईचे आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका एकवीस वर्षांच्या तरुणाने मोटार पदपथावर घातली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम मद्यार्क निघाला. आमच्या हिशेबाने दोन निपांहूनही कमी. खालच्या कोर्टाने २००७ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा व पाच लाख दंड दिला. लोक संतापले. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम ठेवली. म्हणजे एका पहाटेचा निकाल लागायला पाच वर्षे दोन महिने. एकविसाव्या वर्षी सुरू झालेले प्रकरण सव्विसाव्या वर्षी तुरुंगात संपले. आपल्याकडे तोडणीवाल्यांच्या झोपड्या रस्त्याला लागून पडतात, बायकापोरे त्यांत निजतात. ते सात मजूर आम्हाला अगदी अनोळखी वाटत नाहीत.

दुसरे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. १९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे मोटारीने मोटारसायकलीवरच्या दोघांना उडवले. दोघेही चोवीस वर्षांचे अभियंते, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातले, पुण्यात नोकरीला आलेले. मुलाला बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्यावर देशभर ओरड झाली. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयाचे दोन डॉक्टर धरले गेले. मुलाचे वडील, आई, आजोबा यांना अटक झाली; दारू देणाऱ्या ठिकाणचे लोकही आत गेले. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या प्रकरणावर आमच्या कार्यालयात बरीच वादावादी झाली. एक सभासद म्हणाले, "पाहा, पैसेवाल्याचं पोरगं निबंध लिहून सुटते." आम्हाला ते पटले नाही, आणि पूर्ण खोटेही वाटले नाही. पैसा असताना त्या घरातल्या तीन पिढ्यांना पोलीस ठाणे पाहावे लागले. आपल्या दोन-तीन एकरवाल्याकडे तर ना पैसा ना वकील. त्याला जामिनासाठीच उसाच्या बिलावर उचल मागायला आमच्याकडे यावे लागेल. आणि मेलेल्या दोघांच्या आईबापांना या वादाशी काय देणे-घेणे?

मिसरूड न फुटलेला चालक

पुण्याचा मुलगा मोटारीत होता, आपला ट्रॅक्टरवर असतो, एवढाच फरक. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा शेतात रोटाव्हेटर सफाईने चालवतो, बापाला कौतुक वाटते, आणि एक दिवस तोच भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी सडकेला लागतो. आम्ही वजनकाट्यावर असे दोन-तीन चेहरे दर हंगामात पाहतो. विचारले की बाप म्हणतो, "चालक मंडईला गेला जी, म्हणून आजच्या दिवस."

गिअरच्या गाडीला किंवा ट्रॅक्टरला वय १८ पूर्ण आणि परवाना पाहिजे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या सुधारणेतले कलम १९९-अ लागते : पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. "मला माहीत नव्हते" किंवा "मी पुरेशी काळजी घेतली होती" हे पालकाने सिद्ध केले तरच सुटका. किल्ली खुंटीला लटकत असताना ते सिद्ध करणे अवघड. ट्रॅक्टर बारा महिने उभा राहिला तर कर्जाचा हप्ता कोण भरणार, हे ज्याचे त्याने पाहावे.

दारूच्या वयाचेही तसेच. महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती निप जाते ती कोणाच्या तरी काउंटरवरून किंवा कोणाच्या तरी पिशवीतूनच जाते. त्या गावात ती कोणाच्या पिशवीतून गेली हे सगळ्यांना माहीत आहे. अजून कोणी बोललेले नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक ओळ. पहाटे चारला उठून तिरोड्याच्या मैदानावर धावणारी पोरे आम्ही जाता-येता पाहतो. पोलीस असो, राखीव दल असो की सैन्य, निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते आणि दाखल गुन्हा अर्जात लिहावा लागतो. सोळाशे मीटर कितीही वेळेत मारले तरी तो रकाना असतोच.

कागद बाजूला ठेवला तो दिवस

आता जे लिहायचे ते लिहायला आम्हाला जड जाते.

शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याचा अपघाती मृत्यू झाला तर शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला दोन लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५. आमच्या गटातल्या अशा कित्येक घरांचे अर्ज आम्ही स्वतः भरून दिले आहेत : सर्पदंशाचे, विहिरीत पडल्याचे, विजेच्या धक्क्याचे. त्या वडिलांनाही आम्हीच म्हणालो होतो, "भाऊ, सातबारा आणि पोलिसांचे कागद घेऊन या, अर्ज करू."

ते आले. पिशवीत सगळे व्यवस्थित होते. सातबारा, गाव नमुना सहा-क, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मुलाचा वाहन परवाना. परवाना नवाच होता, प्लॅस्टिकची कड अजून घासलेली नव्हती. आम्ही कागद लावू लागलो. दवाखान्याच्या पहिल्या नोंदीत डॉक्टरांनी तोंडाला दारूचा वास येत असल्याचे लिहिले होते. आणि योजनेच्या अटींत, आत्महत्या आणि स्वतःहून केलेल्या इजेच्या बरोबरीने, अमली पदार्थांच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात वगळलेला आहे. ही अट आम्ही पूर्वी शंभरदा वाचली असेल. त्या दिवशी टेबलापलीकडे बसलेल्या माणसाकडे पाहत ती पुन्हा वाचली आणि फॉर्म बाजूला ठेवला. ते काही विचारले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग हे कागद मी घरी ठेवतो जी." आणि एकेक करून पिशवीत भरले.

विम्याचेही याच वाटेने जाते. मोटारसायकलच्या विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि मालक-चालकाचा अपघात विमा, दोन्ही नशेत असताना लागू होत नाहीत. दुसऱ्याला मारले किंवा जायबंदी केले तर त्याची भरपाई विमा कंपनी देते असे सगळे समजतात. पण नशेत चालवणे हा कंपनीला बचावाचा मुद्दा म्हणून कायद्यातच आता लिहिलेला आहे. कंपनीने न्यायाधिकरणाच्या हुकुमाने पैसे भरले तरी ते नंतर गाडीमालकाकडून वसूल करता येतात. मालक म्हणजे बहुतेक वेळा बाप. वसुली म्हणजे शेवटी सातबारा.

आपले स्वतःचे

पोरांना बोल लावून लेख संपवला असता तर तो छापायलाही सोपा होता. पण दोन-तीन गोष्टी आपल्या घरच्या आहेत.

पहिली ट्रॉली. भररस्त्यात, बिनदिव्याची, दुसऱ्याला धोका होईल अशी गाडी उभी करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे, आणि त्या चालकावर गुन्हा दाखल आहेच. दर हंगामाच्या आरंभी कारखान्याकडून वाहतूकदारांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मिळतात. त्या चिकटवल्या जातात, चिखलाने माखतात, उसाच्या घर्षणाने निघतात, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत निम्म्या ट्रॉल्या मागून काळ्या असतात. आमचे कर्मचारी रोज त्या ट्रॉल्या पाहतात. वजनाच्या पावतीत एक किलो चुकला तर आरडाओरड होते. मागे पट्टी नाही म्हणून एकही ट्रॉली आम्ही आजवर काट्यावरून परत लावलेली नाही. लावली असती तर सभासदच आमच्यावर धावून आला असता, हे खरे. पण लावली नाही हेही खरे.

दुसरी, मोळी पूजनाची रात्र. हंगाम सुरू झाला की मुकादम, वाहतूकदार, काही शेतकरी यांची बैठक बसते. आम्हीही त्या बैठकीला पूर्वी बसलो आहोत आणि तिथून मोटारसायकल चालवत घरी आलो आहोत. काही झाले नाही. पदविकेला असताना तर एका मित्राच्या मागे तिघे बसून पिऊन आलेलो आहोत; तेव्हाही काही झाले नाही. हे "काही झाले नाही" आम्ही पुढे लहान भावांना, पुतण्यांना हसत हसत सांगितले. त्यांनी ते ऐकले.

तिसरी जरा अवघड आहे. देशी दारूचा मद्यार्क येतो कुठून? मळीपासून. एक टन उसामागे साधारण चाळीस किलो मळी निघते आणि तिच्यातून नऊ-दहा लिटर मद्यार्क. आता त्यातला बराचसा इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये मिसळला जातो आणि साखर धंद्याला त्याचा आधारही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निपेची बाटली हातात घेऊन "ही कुठली अवदसा" असे म्हणण्याचा अधिकार ऊस विकास अधिकाऱ्याला तरी फारसा नाही.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट राहिली. दोघे रस्त्यावर पडल्यावर नाटकाहून परतणाऱ्या तीन-चार मोटारसायकली तिथे थांबल्या होत्या. कोणी हात लावला नाही. पोलिसांचे लचांड मागे लागेल ही भीती. अर्धा-पाऊण तास गेला. कलम १३४-अ प्रमाणे चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन लावला की रुग्णवाहिका येते. आधी तिरोड्याचे उपजिल्हा रुग्णालय, मग गोंदिया. डोक्याचा मार असेल तर नागपूर शंभराहून जास्त किलोमीटर. त्यातला अर्धा तास रस्त्याच्या कडेलाच गेला होता.

यंदापुरते आम्ही आमच्या गटात इतके ठरवले आहे. मंडईच्या दिवसांत ट्रॉली बिघडली तर चालकाने ट्रॅक्टर सोडवून जायचे नाही. गट कार्यालयाला फोन करायचा, रात्री कितीही वाजता. मागे पट्टी नसलेल्या ट्रॉलीला पुढची चिठ्ठी मिळणार नाही. ज्यांच्या पट्ट्या निघाल्या असतील त्यांनी कार्यालयातून न्याव्यात. करार करताना चालकाच्या परवान्याची झेरॉक्स लागेल, आणि झेरॉक्सवरचाच माणूस सीटवर पाहिजे. यावर काही सभासद नाराज आहेत, एक-दोघांनी चेअरमनसाहेबांकडे तक्रारही नेली आहे. त्याचे काय होते ते पाहू.

त्या वडिलांचा सव्वा एकर खोडवा यंदा पहिल्या पंधरवड्याच्या तोडीत घेतला आहे. मागच्या वर्षी त्यांनी ऊस तोडू दिला नव्हता. फेब्रुवारीपर्यंत उभा राहिला, तुरे आले, वजन गेले. परवा स्वतःच कार्यालयात येऊन नोंद करून गेले. ट्रॉली कोणाची लावू, असे आम्ही विचारले. बराच वेळ ते तक्त्याकडे पाहत उभे राहिले, मग म्हणाले, "त्याचीच लावा जी. धुऱ्याला लागून आहे, दुसऱ्याची येईल कशी?"